सराव

गुरुवारी चार वाजता लिव्हिओ येतो
आणि आईच्या दाराबाहेर उभा राहून
बेल वाजवतो. थांबतो. पुन्हा वाजवतो.
पेपे, वीतभर कुत्रा,
सगळा जिना डोक्यावर घेतो.
आतून निवेस म्हणते, "चटईवर."
मग चीजचा तुकडा, नखाएवढा.
मग बेल.

मी खालच्या मजल्यावर. मोजत बसतो.
पहिल्या आठवड्यात एका बेलला चाळीस वेळा भुंकला.
त्रिएस्तेत बोरा वारा सुटला
तेव्हा खिडक्याच इतक्या खडखडल्या
की माझा हिशेब चुकला.
मार्चमध्ये अकरा. मग चार.
मग नुसती घशातली गुरगुर,
गॅसचं बिल वाचताना मी करतो तशी.

याआधी लिव्हिओ फक्त नाताळला यायचा,
खाली गाडी चालू ठेवून.
आता सराव झाला की कॉफी होते.
कपबशा वाजतात. एकदा तर दोघं हसली,
कशाला, ते कळलं नाही.

काल निवेसचा गुडघा धरला होता,
म्हणून पेपेला मी फिरवून आणलं, माझ्याकडेच ठेवलं.
पोस्टमननं माझी बेल दाबली.
पेपेनं पायपुसणं शोधलं, बसला,
माझ्या खिशाकडे बघत राहिला.
तोंडातून ब्र नाही.

तेवढ्यात वरून, उघड्या खिडकीतून, फोनवर निवेस:
"छे रे, कसला सुधारतोय! हे ऐक."
आणि भुंकणं.
जरा घोगरं,
शेवटी खोकल्याची उबळ.

पेपेनं कान टवकारले. माझ्याकडे पाहिलं.
घरात चीज नव्हतं.
पावाची कड होती, ती दोघांनी वाटून खाल्ली,
गप्प राहिल्याबद्दल.