गाठ

नाना पेठेत दस्तगीरभाईंनी गाडी स्टँडवर घेतली
आणि आधी काही बोललेच नाहीत.
एअर फिल्टर बाकावर आपटला,
पांढरी, पिठासारखी माती सांडली.
चिमटीत घेऊन म्हणाले, "ही आपल्याकडची नाही."

मी सांगू लागलो: पदुमच्या अलीकडचा ओढा,
दुपारी बर्फ वितळून मांडीला लागलेलं पाणी,
दोन दिवस माणूस नाही...
ते चेनवर बोट फिरवत होते.

मागच्या मडगार्डपाशी बोट थांबलं.
तुटलेल्या पट्टीच्या जागी
काळ्या केसांची दोरी. तीन वेढे, एक गाठ.
"कोणी बांधलं?"
याक चारणाऱ्या एका बाईने.
नाव विचारायचं राहिलं.

ओढून पाहिली. उलटी ओढून पाहिली.
चौतीस वर्षांत खंबाटकीपलीकडे ते गेलेत
फक्त बंद पडलेल्या गाड्या आणायला.
"चारशे किलोमीटर खडीवर टिकली," मी म्हणालो.
"टिकणारच."

संध्याकाळी बिल: ऑइल, क्लच केबल, ब्रेक लायनर.
नवी पट्टी कागदात गुंडाळून हातात दिली.
"हवी तेव्हा लावा."
दोरीला पान्हा लागला नव्हता.

बाकावर सुतळीचे सात-आठ तुकडे,
प्रत्येकाला तीन वेढे,
आणि गाठ
एकाचीही जमलेली नाही.