खोली घेण्याआधी

रणजित, वरचा फ्लॅट मागनं बघ.
आधी पार्किंगमध्ये जा,
भिंतीवर नवा रंग कुठवर चढलाय ते बघ की.
छातीपर्यंत असला तर पंचगंगा तिथवर येऊन गेली म्हणायची.
एजंट सांगणार नाही.
समोरच्या इस्त्रीवाल्याला विचार,
टेबल किती दिवस पाण्यात होतं.

माझी पहिली खोली शाहूपुरीत,
फौंड्रीत असताना, पीएफ काढून.
हप्ता साडेसहा हजार, भाडं पाच.
वरचे दीड माझ्या पोटातनं.
वर्षाला दहाच महिन्यांचं भाडं धर,
एक महिना रिकामा जातो,
एक मोटर आणि गळती खाते.

करार अकरा महिन्यांचा. पोलिसात नोंद.
मीटरचा फोटो दोघांच्या मोबाइलवर.
डिपॉझिटला हात लावू नकोस,
ते आपल्याकडं मुक्कामाला आलेलं असतं.

आणि भाडं मागायला जेवणवेळी जाऊ नकोस.
मी गेलो होतो, तीन महिने थकले म्हणून,
काय बोलायचं ते जिन्यातच पाठ करून.
मुजावरांच्या सुनेनं दार उघडलं,
"काका, या" म्हणाली, आणि थेट मोरीत नेलं.
गळका नळ. खाली बादली.
बादलीखालची फरशी हिरवी झालेली.
दोनदा मीच "बघतो" म्हणालो होतो.

तसाच उतरलो, प्लंबर घेऊन आलो.
भाड्याचा विषय जिन्यातच राहिला.

पाच तारखेला दोन महिन्यांचं आलं.
तिसऱ्याचं अजून यायचंय.
नऊ वर्षं झाली, खोली
एक दिवस रिकामी नाही.