फुजैरा, नांगरवाडा

पहाटे साडेतीनला मीरदादची बोट सुटते.
तो बलुची, मी दाभोळचा.
आमच्या दोन सरकारांचं बोलणं बंद आहे;
आमचं कधी सुरू करावं लागलं नाही.

आज बाहेर एकशे बारा जहाजं.
उत्तरेला सहा तासांवर सामुद्रधुनी,
तिथे काल कुणीतरी कुणाकडे तरी बघून
तोफेची नळी वळवली म्हणे.
एवढ्यावर विम्याचा दर दुप्पट.
व्याही रुसले म्हणून
वाढलेली पंगत खोळंबावी
तशी जहाजं थांबलीयेत.

माझं काम साधं.
टाकीत फीत सोडायची. तळाला वजन टेकलं
की मनगटाला कळतं.
फितीवरचा लेप पाणी लागलं की लाल होतो,
तेलाला नाही.
मग तापमान, मग तक्ता, मग सही.
बावीस वर्षं मी एवढंच सांगत आलोय:
तेल इतकं, पाणी इतकं.

तेल कुणाचं, हा रकाना फॉर्मात नाही.

म्हणजे असं, की आजच्या टँकरच्या नाकाडावर
ताजा पांढरा रंग होता, आणि रंगाखाली
वेल्डिंगची जुनी अक्षरं,
देवीचे व्रण पावडरीतून दिसावेत तशी.
मी बोटानं वाचली. चार वर्षांत हे तिसरं नाव.
झेंडा ज्या देशाचा, त्याला समुद्रच नाही.
मालक म्हणजे कुठल्याशा बेटावरची टपालपेटी.
बंदी घालणाऱ्यांना हे ठाऊक आहे,
मोडणाऱ्यांना तर आहेच,
आणि दोघांच्याही गाड्या
कुठल्या तरी वळणानंतर याच तेलावर चालतात.

आचारी लताकियाचा, नाव निदाल.
अकरा महिने पगार नाही.
उतरायला कागद लागतो, कागदाला मालक.
काळ्या लिंबाचा चहा पुढे करत त्यानं विचारलं,
"भाव काय चाललाय?"
मी म्हटलं, "ब्याऐंशी. परवा अठ्ठ्याहत्तर होता."
तो इतका हसला की कप हिंदकळला.
"तेलाचा नाही रे बाबा. टोमॅटोचा."

मला टोमॅटोचा भाव माहीत नव्हता.

आणि माझं तरी कुठे सरळ आहे?
वॉशिंग्टनच्या एका खोलीत पाव टक्का वाढतो,
इथला दिरहम डॉलरच्या दावणीला बांधलेला,
रुपया ठेचाळतो,
आणि दाभोळहून बहीण फोनवर म्हणते,
"या महिन्यात जास्त आले रे,
ओटीला फरशी घालून घेऊया का?"
माझ्या देशाचं नाणं पडतं
तेव्हा माझ्या घराची जमीन गुळगुळीत होते.
बातम्या बघताना मी
कुठल्या तोंडानं हळहळावं, कळत नाही.

दुपारी एजंटच्या कचेरीत रिपोर्ट दिला.
उबैद भला माणूस. निदालसाठी
त्यानं तीन देशांना पत्रं लिहिली होती;
तिन्ही देशांनी ती एकमेकांकडे पाठवली.
"खोल मुरलंय हे," तो म्हणाला,
आणि टेबलावरचं लोबानाचं भांडं माझ्याकडे सरकवलं.
पाहुण्यानं धूर अंगावर घ्यायचा, ही इथली रीत.
घेतला. शर्टाला बंकरचा वास होता,
त्यावर लोबान बसला.

मला आईची म्हण आठवली.
तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.
हसू आलं. उबैदनं कारण विचारलं.
माझ्या मोडक्या अरबीत सांगायला गेलो:
तेलाला शब्द होता, तुपाला होता,
धुपाटणं तर समोरच धुमसत होतं.
अडलो ते "गेलं" पाशी.

"गेलं म्हणजे?" तो विचारत राहिला.
"कुणाकडे गेलं?"

खाली गाडीत, मागच्या सीटवर,
साडेतीन दिरहम किलोचे
टोमॅटो तापत होते.