कमी उजेडातलं पोवळं

उदगीरच्या दवाखान्यात बावीस वर्षं
डार्करूममध्ये काढली,
लाल बल्बखाली लोकांची हाडं धुतली.
म्हणून खदीरभाईनं
ते झगमगते, फांद्याफांद्यांचे प्रवाळ दाखवले
तेव्हा मी किंमतही विचारली नाही.
"ह्यांना ऊन लागतंय, साहेब.
तुमच्याकडं तर लाईटच जाती."

मग टबाच्या तळाशी बोट दाखवलं.
मशरूम.
भाजल्याच्या जुन्या डागासारखं
जांभळट, बसकं.
"नव्या माणसानं हेच न्यावं.
ह्याला जास्त कौतुक सोसत नाही."

सराफाकडून एकदा पोवळं घेतलं होतं,
थोरलीच्या मंगळासाठी.
ते लाल होतं. आणि मेलेलं.

नळाला पाणी आलं नवव्या दिवशी.
कुशावर्ता म्हणाली,
"गोड्या पाण्यात मीठ कालवता?
ह्याच गल्लीत टँकरमागं पळालोय आपण."
मी ढवळत राहिलो.
समुद्र एकदाच पाहिलेला,
तोही ओहोटीत.

तीन दिवस ते मिटूनच.
दिवा वर टांगला. आणखी वर.
शेवटी काचेवर जुनी फिल्म पांघरली,
कुणाच्या तरी बरगड्या,
नाव पुसलेलं.

चौथ्या रात्री
इन्व्हर्टरच्या घरघरीत तिनंच हाक मारली.
बरगड्यांच्या सावलीत
वाटीएवढं उमललं होतं.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"बोटभर पाणी उडालंय बघा.
मीठ तर खालीच राहिलं असंल,
आता गोडंच घालायचं ना?"
आणि पिण्याच्या जारकडं
तांब्या घेऊन गेली.