गेरूच्या मुलखात, कॅराव्हान मागे लावून

कॅराव्हान जुनी. जेराल्डटनच्या एका निवृत्त जोडप्याची.
मागच्या काचेवर त्यांनी चिकटवलेला पेलिकन अजून तसाच,
एक पंख उन्हाने खाल्लेला.
फ्रिजचं दार दोरीने बांधून ठेवावं लागतं,
नाहीतर पहिल्याच खड्ड्यात दूध बाहेर येऊन बसतं.

रोरी म्हणाला, चला, मी कुठे जातो ते दाखवतो.

अकरा वर्षं जातोय तो.
चौदा दिवस तिकडे, सात दिवस घरी,
पहाटेच्या विमानाने, केशरी शर्टात.
आम्ही पर्थच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर
त्याच्या असण्याचे चौकोन निळे रंगवायचो,
नसण्याचे कोरे ठेवायचो.
ब्रॉनीला लहानपणी वाटायचं
बाबा आकाशात नोकरीला आहेत.

तिसऱ्या दिवशी जमीन लाल झाली.
मग लोणी लाल, उशा लाल, टूथब्रश लाल.
माणसाएवढी वारुळं रस्त्याच्या कडेने उभी,
बस चुकलेल्या लोकांसारखी.
समोरून रोड ट्रेन आली की रोरी रेडिओवर बोलायचा,
आवाज सैल, थट्टेखोर, घरात कधी न ऐकलेला:
"ये बाबा, सावकाश ये, मागे काही नाही, नुसत्या माशा."
चार डबे सुसाट निघून जायचे,
आमचं घर हेलकावा खाऊन परत रस्त्याला लागायचं.
मला त्या आवाजाचा हेवा वाटला.
सांगून टाकते.

घळीत उतरायला लोखंडी शिडी होती.
आत खडकाचे थर, कपाटातल्या चादरींसारखे
एकावर एक, कडेला कड लावून ठेवलेले,
आणि तळाशी पाणी,
इतकं हिरवं की ईमन एकदम गप्प झाला.
(ईमन झोपेतसुद्धा बोलतो.)
मग भानावर येऊन त्याने उडी मारायला पाय उचलला
तर मागून एक बाई म्हणाली,
"कुणाच्या घरात शिरताना उडी मारतोस का?"
मेव्हिस तिचं नाव. बंजिमा. हा तिच्या आजीचा मुलूख.
गस्तीचा शर्ट, पायात साध्या सपाता.
म्हणाली, आधी नाव सांगा, मग हळू शिरा.
ब्रॉनी वाकली, पाण्याला काहीतरी कुजबुजली.
आडनावासकट सांगितलं असावं, बराच वेळ लागला.

ईमनने विचारलं, नदीला हे करायला किती वर्षं लागली?
मेव्हिस हसली.
"तिचं अजून झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी खाण.
सगळ्यांना हेल्मेट, ब्रॉनीचं नाकापर्यंत येणारं.
कठड्यापाशी उभं राहून खाली पाहिलं:
पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या,
आणि तळाला मुंग्यांएवढे ट्रक.
त्यातला एक रोरीचा. आज दुसरं कुणी चालवत होतं.
"आणि याला किती लागली?" ईमनने विचारलं.

रोरीने लगेच उत्तर दिलं नाही.
बोट वर केलं. खड्ड्याकडे नाही, वर,
रिकाम्या हवेत,
आणि तिथे एक रेघ ओढत गेला:
इथून चढ, इथे जरा खांदा, इथे एकच झाड.
"मी आलो तेव्हा इथे टेकडी होती," म्हणाला.
आम्ही चौघंही तिथे बघत राहिलो.
एक घार त्या टेकडीच्या पोटातून आरपार गेली.

मला ब्रॉनीच्या दातांची तार आठवली,
घराचे हप्ते, ही कॅराव्हान,
कॅलेंडरवरचे ते कोरे चौकोन.
मी काही बोलले नाही. मेव्हिस असती तर
काय म्हणाली असती, तेही मनातच ठेवलं.

रात्री त्याला झोप येत नाही.
रात्रपाळीने त्याचं घड्याळ उलटं करून ठेवलंय.
तो बाहेर घडीच्या खुर्चीत बसला होता,
मी दुसरी खुर्ची उघडली, ती नेहमीसारखी किंचाळली.
लांबवर मालगाडी सुरू झाली,
बंदराकडे जाणारी, डबे संपता संपेनात.
आमच्या कपातला चहा बारीक थरथरत होता.
बराच वेळ.

"चालली," तो म्हणाला.

गाडी की टेकडी, मी विचारलं नाही.