आठवा

पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहा,
असं दफ्तरखान्यातल्या माणसानं सांगितलं.
मग मागं मागं जायचं,
बर्फात आपल्याच ठशांवरून परततात तसं.
आणि पेन्सिलीनं, हे दोनदा बजावलं.

लिहिलं: तूलिक्की. जन्म कुहमो. टपाल वाटते.
पुढं काय, सुचेना. आत्याकडं गेले.

हिल्या आत्या बटाटे सोलत होती.
"खरं हवंय की सांगतात ते?"
दोन्ही, म्हटलं. ती हसली नाही.
ओल्या बोटांवर भावंडं मोजली:
लेम्पी, ऊनो, सायमा, मी, तुझा बाप,
मग ते जुळे, सदा भांडणारे.
सात.

चर्चच्या वहीत आजोबांच्या नावापुढं
वाचता येत असल्याची बारीक खूण,
आणि खाली, किरट्या अक्षरांत, आठ ओळी.
एकीत नावाची जागा कोरी.
मुलगी. दोन दिवस.

मोबाइलवरचा फोटो आत्यापुढं धरला.
तिनं चष्मा पुसला, परत पुसला.
हातातली सुरी हातातच.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"दाराशी कोटांसाठी आठ खिळे होते.
आठवा, मला वाटायचं, पाहुण्यांचा.
आमच्याकडं पाहुणे यायचेच कुठं!"

बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं.
मी सात खोडलं. कागद जरा फाटला.
भांड्यात पाणी ओतत ती बोलली,
"मार्च लिही.
मार्च लागला की आई बोलेनाशी व्हायची."

महिना मी
वाचून दाखवलाच नव्हता.