हलकी प्रत

ओमाण्णानं कार्ड ठेवलं टेबलावर,
म्हणाला, वहिनी, सगळं फोर-के आहे,
दोन कॅमेरे, वर ड्रोन.
जणू उसाची भरलेली ट्रॉली
जोडली त्यानं माझ्या सायकलच्या कॅरियरला.

हे मशीन खडेबाजारातल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं,
घेतलं तेव्हाच जुनं.
एका बाजूचा पत्रा कायमचा काढून ठेवलाय,
आत टेबलफॅनचा वारा,
तापल्या पोराला पदरानं घालावा तसा.
प्ले दाबलं की नवरी एक पाऊल टाकते
आणि थांबते.
हार अर्धा वर. अक्षता हवेत.
एक अक्षत भटजींच्या चष्म्यापाशी, पाच मिनिटं.
खाली वडगावचे माग खटखटत राहतात,
ते कुणासाठी अडत नाहीत.

मग हलक्या प्रती करायला लावते.
रात्री दहाला सुरू, दूध येईतो संपतं,
मध्ये करंट गेला नाही तर.
मोठ्या फायली डिस्कवर झोपलेल्या,
त्यांच्या जागी ह्या बारक्या, पुसट,
नाकडोळ्यांच्या कडा खाल्लेल्या.
आमच्या कॉलेजात प्रॉक्सी म्हणजे
दुसरीच्या नंबरावर 'येस सर'.
हे तसंच. खरं, इथं सर मीच.

आप्पा साडीच्या काठाचं डिझाइन
आधी चौकटीच्या कागदावर काढायचे.
एक चौकट, एक धागा.
मोर म्हणजे नुसत्या काळ्या खुणा.
मी म्हणायची, हा मोर कुठं दिसतोय?
"दिसायला कशाला पायजे," ते म्हणायचे,
"मोजता आला म्हंजे झालं."

मोजत गेले.
हळद अकरा मिनिटं, कापून चार.
गोकाकच्या पाहुण्यांचा बँड दोन.
आशीर्वाद मराठीत, आशीर्वाद कन्नडात,
माईक दोन्हीत सारखाच फाटलेला.
मध्येच नवऱ्याच्या बापाचा फोन,
"आय्तेन्री?"
झालं का, विचारतात.
"नाळे," मी म्हणते, "नाळे बर्री."
उद्या. उद्या या.
माझं कन्नड एवढंच, गिऱ्हाइकापुरतं,
तीही एक हलकी प्रतच.

पाठवणीला खांबामागं एक राखाडी डाग हलत होता.
मांडवाचा पडदा असेल.
तीन सेकंद उडवले.

शेवटी मोठ्या फायली परत जोडल्या.
अकरा तास दाखवत होतं.
मी जागी, चहा गार,
मशीन एकेक फ्रेम उचलतंय,
गर्भार बाईनं जिना चढावा तसं.
पाठवणीपाशी आलं आणि अडकलं.
कापल्या जागेची कड थोडी राहिली होती, सहा-सात फ्रेम,
त्यातल्या एकीवर.

पडदा नव्हता तो.
लगमव्वा होती.
आमच्या आप्पांकडं कांड्या भरायची ती,
आई गेल्यावर सुलक्षणेला जिनं वाढवलं,
जिला स्टेजवर या म्हटलेलं
साऱ्या फुटेजमध्ये कुठं नाही.
लांबूनच, हवेतच,
सुलूच्या गालांवरून हात फिरवून
स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडत होती.
फोर-केत तिच्या नखांतला रंगीत सुताचा धूळमाती रंगसुद्धा दिसत होता,
आणि मोडायची राहिलेली करंगळी.

चालू मशीन असतं तर
ती फ्रेम गेली असती डोळ्यांदेखत.

चौऱ्याण्णव टक्के झालं होतं.
कॅन्सल दाबलं.
तीन सेकंद परत आणले, वर दोन वाढवले,
बँडमधून काढून.

पुन्हा अकरा तास.
सकाळी फोन.
"आय्तेन्री?"
"नाळे," म्हटलं,
आणि पंख्याचं तोंड
अजून थोडं आत वळवलं.